अडीच सेकंदांचं अंतर

१

चंद्राला हाक मारायची आणि ती परत येते का ते ऐकायचं, हे ताईचं काम होतं. कुणी नवीन माणूस भेटलं की तिचा नवरा मुद्दाम तो विषय काढायचा. मग समोरचा खुर्ची जवळ ओढून विचारायचा, "म्हणजे खरंच चंद्राशी बोलता तुम्ही?"

"बोलते कसली," ताई म्हणायची. "भिंतीवर चेंडू मारायचा आणि परत आला की झेलायचा. भिंत जरा लांब आहे, एवढंच."

गावाबाहेरच्या टेकडीवर त्यांचं केंद्र होतं. एक अवाढव्य डिश, तिला फिरवणाऱ्या मोटारी आणि पायथ्याशी तीन खोल्यांची बैठी इमारत. खरं काम उपग्रहांचं. पण ते सुरू करण्याआधी सगळी यंत्रणा ठीक आहे ना, हे बघायला चंद्र फार सोयीचा. तो वर असेल तेव्हा डिश त्याच्याकडे वळवायची, माइकमध्ये चार शब्द बोलायचे, आणि ते तिथल्या दगडधोंड्यांवर आपटून परत आले की समजायचं, सगळं जागच्या जागी आहे. "आजवर एकदाही बंद न पडलेला हा एकच उपग्रह," असं मामा म्हणायचे. मामा म्हणजे केंद्राचे मुख्य तंत्रज्ञ. कुणाचेच मामा नव्हते, म्हणून सगळ्यांचे होते. खिशात पेचकस, नाकावरून घसरणारा चष्मा, आणि कुठल्याही बिघाडाला ‘काँटॅक्ट ढिला असेल’ हे पहिलं उत्तर.

ताईची खोली सगळ्यांत आतली. भिंतींना करडा स्पंज लावलेला, त्यामुळे दार लोटलं की कानात कापूस घातल्यासारखं व्हायचं. मोटारींची घरघर, वारा, मामांचं गुणगुणणं, सगळं दाराबाहेर राहायचं. हेडफोन चढवायचे, श्वास घ्यायचा, बटण दाबायचं, "हॅलो, एक, दोन, तीन" म्हणायचं आणि बटण सोडायचं. मग नुसती खरखर. तिकडे जाऊन परत यायला त्या शब्दांना अडीच सेकंद लागत. तेवढ्या वेळात ताईला रोज थोडं एकटं वाटायचं. मग खरखरीच्या तळातून तिचाच आवाज वर यायचा. बारीक, थरथरता, पाण्याखालून आल्यासारखा. "हॅलो, एक, दोन, तीन."

त्या दुपारी चंद्र खिडकीत होता. अर्धा, फिका, धुऊनही न गेलेल्या डागासारखा. ताईनं श्वास घेतला, बटण दाबलं, बोलली, बटण सोडलं. आवाज परत आला. तिनं समाधानानं मान हलवली, हेडफोन काढले आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवता फिरवता तिचा हात थांबला.

‘हॅलो’च्या आधी श्वास ऐकू आला होता.

तिचाच श्वास. नाकातून ओढलेला, शेवटी किंचित अडकणारा. पण तो तर तिनं बटण दाबायच्या आधी घेतला होता. जो पाठवलाच नव्हता, तो परत कसा आला?

२

"काँटॅक्ट ढिला असेल," मामा म्हणाले. त्यांनी बटण खोललं, आतल्या पट्ट्या घासल्या, मग कंटाळून नवंच बटण बसवलं. "हे घे. आता श्वास काय, ढेकर दिलीस तरी जायची नाही."

ताई हसली. हसण्यावारी नेण्यासारखीच गोष्ट होती. तिनं पुन्हा चाचणी घेतली नाही. घ्यायला हवी होती, पण उपग्रहाची वेळ झाली होती, असं तिनं स्वतःला सांगितलं.

घर बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. खाली नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान, वर हे तिघं. तिसरी म्हणजे फुगी, वय वर्षं सात, पुढचे दोन दात नाहीत आणि गाल असे की नावाचा वेगळा खुलासा करायला नको. संध्याकाळी जेवायला बसल्यावर फुगीनं विचारलं, "आई, चंद्र किती लांब आहे?"

"कधी जवळ असतो, कधी लांब. त्याची वाट अगदी गोल नाही ना, जराशी लांबुळकी आहे. फिरता फिरता एकदा जवळ येतो, मग पुन्हा दूर जातो."

"पण जाऊन जाऊन जातो कुठे? परत येतोच ना?"

"येतो. पण दर वर्षी बोटभर जागा सोडतो. आपली नखं वाढतात ना, तेवढ्या सावकाश आपल्यापासून लांब सरकत चाललाय तो."

फुगीनं नखांकडे पाहिलं. नवरा जेवता जेवता थांबला होता. "अगं," तो म्हणाला, "मी मघाशी मीठ मागितलं."

"दिलं की."

"आत्ता दिलंस. मागितलं तेव्हा नुसती बघत बसली होतीस माझ्याकडे." तो हसला. "कामावरून शरीर तेवढं घरी आणतेस. मन टेकडीवरच."

ताईला मात्र आठवत होतं ते असं, की त्यानं मीठ मागितलं आणि तिनं लगेच वाटी पुढे सरकवली. लगेच.

३

पुढच्या दिवसांत काय काय परत आलं, ते ताईनं आधी कुणालाच सांगितलं नाही.

श्वासाच्या आधी खुर्ची करकरली. दुसऱ्या दिवशी खुर्चीच्याही आधी तिचं वाक्य आलं. चाचणीपूर्वी दाराशी उभं राहून ती मामांना म्हणाली होती, "चहा पार गार झाला तुमचा." ते वाक्य, खरखरीत गुंडाळलेलं, चंद्रावरून आलं. चहाचा कप अजून बाहेर तसाच होता.

मग एकदा तिनं बटण दाबलंच नाही. हात मांडीवर ठेवून नुसती ऐकत बसली. खरखर, खरखर, आणि मग: "बूट नीट घाल. डावा-उजवा बघ आधी." जरा वेळ काहीच नाही. मग: "अगं, दुसरा." पुन्हा थोडी रिकामी जागा. "शहाणी माझी."

सकाळचं होतं ते. घरातलं. मधल्या रिकाम्या जागांत फुगी बोलली होती. तिचे शब्द मात्र आले नव्हते. ताईचा तेवढा आवाज आला होता, दुसऱ्याचा गाळून.

तिनं हेडफोन उतरवले. घाबरलेली माणसं करतात तेच तिनं केलं. कारणं शोधायला लागली. झोप कमी झालीय. कान स्वतःच खेळ करतात, खरखरीत काहीही ऐकू येतं, तिनंच शिकाऊ मुलांना हे कितीदा सांगितलं होतं. शेवटी तिनं मामांना आत बोलावलं आणि आवाज स्पीकरवर टाकला.

मामा माइकसमोर बसले, घसा साफ करून "हॅलो, एक, दोन, तीन" म्हणाले. ते परत आलं. साधं, सरळ, वेळेवर. मग ताई बोलली. तेही परत आलं. श्वास नाही, खुर्ची नाही, काही नाही.

"ठणठणीत आहे की," मामा म्हणाले. मग त्यांनी चष्मा वर सरकवून तिच्याकडे नीट पाहिलं. "पोरी, तुला बरं वाटतंय ना?"

"हो."

मामा तिच्याकडे बघतच राहिले. ‘हो’ म्हणून झाल्यावरही त्यांचा चेहरा उत्तराची वाट बघत होता. मग अचानक सैल झाला.

"हेच," ते हळू आवाजात म्हणाले. "हल्ली काही विचारलं की तू जरा थांबतेस आणि मग बोलतेस. परदेशातल्या माणसाला फोन लावल्यासारखं वाटतं."

४

कानाच्या डॉक्टरनं कान तपासले, दुसऱ्यानं डोकं तपासलं. दोघांनीही काही नाही म्हणून सांगितलं आणि विश्रांतीचा सल्ला दिला. गंमत म्हणजे दोन्ही दवाखान्यांत ताईची उत्तरं चोख वेळेवर जात होती. नवरा शेजारी ओशाळून बसला होता.

"मी खोटं बोलतोय असं वाटलं असेल त्यांना," घरी येताना तो म्हणाला.

कारण त्यालाच सापडलं. चष्मेवाला माणूस, कुठली काच लावली की काय दिसतं, हे बघायची सवय. नव्या चंद्राची कोर दिसली त्या संध्याकाळी ते दोघं गच्चीवर बसले होते. सूर्य नुकताच बुडाला होता, पश्चिमेकडे डोंगरांच्या काळ्या कडेवर कोर टेकायला आली होती. खालच्या गल्लीत दुकानांची शटर एकेक करून उतरत होती. फुगी कठड्याशी उभी राहून खडूनं भिंत रंगवत होती.

"थंडी वाजतेय का?" त्यानं विचारलं.

ती नाही म्हणाली. तिच्या मते लगेच म्हणाली. त्याच्या चेहऱ्यावरून मात्र तिला कळलं, की शब्द अजून त्याच्यापर्यंत पोचलेले नाहीत. हे असं हल्ली रोज दिसायचं. बोलून झाल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर वाट पाहणं उरलेलं असायचं आणि तिला उगाच काचेपलीकडे बसल्यासारखं व्हायचं.

"उद्या दुकान बंद ठेवू का?"

"कशाला?"

"सहज. भूक लागलीय?"

"थोडी."

तो विचारत राहिला, ती सांगत राहिली. कोर डोंगरामागे गेली. नुसता एक उजळ ठिपका उरला, मग तोही विझला.

"अजून बसायचं का?"

"बसू या," ताई म्हणाली, आणि नवऱ्यानं दचकून तिच्याकडे पाहिलं. त्याचं वाक्य संपता संपताच तिचं आलं होतं. त्यानं आणखी एक प्रश्न विचारला, मग आणखी एक. सगळी उत्तरं टेबलावर पत्ते टाकावेत तशी पटापट पडली.

त्यानं डोंगराकडे पाहिलं. मग बोटांवर दिवस मोजले.

"दवाखान्यात गेलो तेव्हा चंद्र उगवला नव्हता," तो शेवटी म्हणाला. "आणि अमावस्येला तू दिवसभर अशी होतीस. दिसत नसला तरी त्या दिवशी तो दिवसभर वरच असतो ना? सूर्याबरोबर?"

"असतो."

"तो वर असला की तू लांब जातेस." त्यानं तिचा हात हातात घेतला. हात ऊबदार होता, जागेवर होता. "ती नोकरी सोड. काय आहे ते मला कळत नाही, कळून घ्यायचंही नाही. सोड."

"सोडते," ताई म्हणाली. या वेळी ते लगेच पोचलं. म्हणूनच त्याला ते खरं वाटलं असावं.

५

तिनं सोडली नाही.

याचं कारण ती कुणालाच सांगू शकली नसती. रोज चंद्रावरून येणारं तिचं बोलणं मागे मागे चाललं होतं. आधी सकाळचं, मग गेल्या आठवड्यातलं, मग फुगी जन्मली तेव्हाचं. एक दिवस नवऱ्याशी पहिल्यांदा बोलली होती ते आलं: "नंबर वाढलाय का माझा?" आणि मग ती रिकामी जागा, जिथे त्यानं काहीतरी विनोद केला होता, कारण पुढे तिचं हसणं होतं. ताई हेडफोन कानाला दाबून बसायची. स्वतःच्या आयुष्याच्या एकाच बाजूनं चाललेल्या त्या गप्पा, समोरचं माणूस पुसून टाकलेल्या. खोलीतला करडा स्पंज, खिडकीतला दिवसाउजेडीचा फिका चंद्र, आणि खरखर. तिथून उठताना तिला झोपेतून उठल्यासारखं वाटायचं. टेकडी उतरताना रस्त्यावरची झाडं जरा जास्तच हिरवी आणि जरा लांब दिसायची.

आवाज लहान होत चालला. कॉलेजातला, शाळेतला. मग ज्याची ती मनातून वाट बघत होती, ते आलं.

"बाबा, धरलंय ना?"

सायकल शिकत होती ती. शाळेमागचं मैदान. सीट मागून धरून बाबा पळत होते.

"सोडू नका हं."

रिकामी जागा. तिथे बाबा ‘नाही सोडत’ म्हणाले होते. शब्द ठाऊक होते. पण बाबा जाऊन इतकी वर्षं झाली होती, की त्यांचा आवाज तिच्याकडे उरला नव्हता. त्यांचे हात आठवायचे, खांद्याला येणारा साबणाचा वास आठवायचा, खोकला आठवायचा. आवाज मात्र किती ओढला तरी यायचा नाही. कुठे टेप केलेला नव्हता, कुणाकडे नव्हता.

"बाबा?"

तेव्हा त्यांनी हात सोडलेला होता, हे तिला नंतर कळलं होतं. ताईनं खरखरीत कान घातले. त्या जागेत काही असेल? अगदी तळाशी? चंद्र आता महिन्याभरात त्याच्या वाटेवर सगळ्यांत जवळ येणार होता. जवळ आला की परतीचा आवाज जरा ठसठशीत होतो. तेव्हा कदाचित मधल्या जागाही भरतील. तेवढे दिवस थांबू, असं तिनं ठरवलं. तेवढेच.

६

पण आधी ती सकाळ आली.

पौर्णिमा होऊन गेली होती आणि सकाळी शाळेच्या वेळेला झिजलेला चंद्र पश्चिमेला अजून रेंगाळत होता. ताई फुगीला शाळेत सोडायला निघाली होती. कोपऱ्यावर फुगीला मैत्रीण दिसली आणि ती हात सोडवून रस्त्याकडे पळाली. वळणावरून एक टेम्पो येत होता.

"थांब!" ताई ओरडली.

आणि तिनं पाहिलं, की तिची हाक कुणीच ऐकलेली नाही. फुगी पळतेय. पानवाल्याची मान वळलेली नाही. टेम्पो येतोय. ताईचं तोंड उघडं आणि सगळा रस्ता मुका. ती धावली, पण पायसुद्धा कुणीतरी मागून धरल्यासारखे उशिरा उचलत होते. टेम्पोच्या ब्रेकचा कर्कश आवाज आला, फुगी दचकून मागे पडली, आणि मग, सगळं होऊन गेल्यावर, स्वच्छ मोठ्या आवाजात रस्त्यावर शब्द उमटला: "थांब!"

लोकांनी वळून पाहिलं. टेम्पोवाला उतरून शिव्या देत होता. फुगीचा गुडघा फुटला होता, बाकी काही नव्हतं. ती रडत नव्हती. आईकडे बघत होती.

"आई, तू हाक का नाही मारलीस?" तिनं विचारलं.

त्याच सकाळी ताईनं मामांना नोकरी सोडत असल्याचं सांगितलं.  ते तिच्याबरोबर फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "ते बटण मी काढून ठेवलं होतं, पोरी. पंधरा दिवस झाले. तारच जोडलेली नाही त्या माइकला. तुला आत तासन्‌तास बसलेली बघायचो, आणि वाटायचं, सांगावं. मग वाटायचं, नको."

"माइकचं काय," ताई म्हणाली. "मी हल्ली बोलायचे कुठे."

मामा तिच्या उत्तराची वाट बघत उभे राहिले. तिनं त्यांना नमस्कार केला आणि निघाली.

७

आणि मग सगळं सुरळीत झालं.

ताई घरी राहू लागली. दुकानात नवऱ्याला मदत करायची, गिऱ्हाइकांना फ्रेमा दाखवायची. दुपारी फुगीचा अभ्यास. अमावस्या आली आणि गेली, चंद्र दिवसभर डोक्यावर होता आणि तरी कुणी तिच्याकडे वाट बघत बसलं नाही. प्रश्न विचारला की समोरच्याचा चेहरा लगेच पुढच्या गोष्टीकडे वळायचा. नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. तो दुकानात शीळ घालू लागला, ही गोष्ट त्यानं लग्न झाल्यापासून केली नव्हती.

दिवस मऊ होते. दुपारी पडद्यांमधून येणारं ऊन फरशीवर पसरायचं आणि ताईला वाटायचं, आपण फार लांबच्या प्रवासाहून आलो आहोत आणि अजून बोटीवर आहोत. आवाज मंद वाटायचे, माणसं गोड वाटायची. एकच बारीकशी गोष्ट होती. ती इतकी क्षुल्लक होती, की सांगायलाही लाज वाटावी.

"पाच नंबरची फ्रेम वरच्या खणात आहे," ती नवऱ्याला म्हणाली.

"हो गं, कळलं," तो फ्रेम हातात घेऊनच म्हणाला. "दोनदा कशाला सांगतेस?"

"दोनदा कुठे?"

त्यानं ते ऐकलं नाही, किंवा त्याचं आधीच ऐकून झालं होतं. "हल्ली तू सगळं दोनदा बोलतेस," तो हसून म्हणाला. "पण असू दे. पहिल्यांदा वेळेवर बोलतेस ना, मला तेवढं पुरे."

ताई काउंटरच्या आरशांकडे बघत उभी राहिली. दुकानात दहा-बारा छोटे आरसे होते, गिऱ्हाइकांना चेहरा दिसावा म्हणून तिरके लावलेले. सगळ्यांत ती होती. ती बराच वेळ स्वतःशीच बजावत राहिली, की माणूस स्वतः बोललेलं विसरतं. तिला थकवा होता. दोन डॉक्टरांनी सांगितलं होतं.

रात्री झोपताना फुगी म्हणाली, "आई, आज गोष्ट छान होती." ताईनं गोष्ट सांगायला नुकतीच सुरुवात केली होती. फुगीचे डोळे मिटलेसुद्धा. ताई शेवटपर्यंत सांगत राहिली, झोपलेल्या मुलीला, कारण मध्येच थांबायची तिला भीती वाटली.

८

चंद्र सगळ्यांत जवळ आला तो दिवस ताईला पाठ होता. नको असूनही पाठ होता. दुपारचीच वेळ, अर्धा चंद्र पूर्वेच्या गच्च्यांवर आलेला. ती बाजारातून पिशव्या घेऊन परत येत होती. फुगीला शाळा अर्धा दिवस होती. बाबांबरोबर दुकानात बस, असं ताई तिला सांगून गेली होती. दुकानात नवरा एका म्हाताऱ्या गृहस्थांना अक्षरांचा तक्ता वाचायला लावत होता.

"फुगी कुठेय?" ताईनं विचारलं.

तो तक्त्याकडेच बघत होता. "खालची ओळ वाचा," तो गृहस्थांना म्हणाला. ताई जिना चढू लागली. अर्ध्या जिन्यात असताना तिला खालून त्याचा आवाज ऐकू आला, जरा वैतागलेला, जरा चकित: "अगं, तुझ्याबरोबरच वर गेली ना आत्ता?"

ताईनं पायरीवर पाय ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

वरून बोलणं ऐकू येत होतं. फुगीचं, आणि मध्ये मध्ये दुसरं. त्या दुसऱ्या आवाजात खरखर नव्हती, थरथर नव्हती. ताईनं तो आवाज गेले कित्येक दिवस पाण्याखालून ऐकला होता. इतका जवळून आणि इतका निरोगी तिनं तो आयुष्यात कधी ऐकला नव्हता. "आकाश निळंच कशाला हवं?" तो आवाज म्हणत होता. "तुला हवं तसं कर."

ती वर गेली. दार लोटलेलं होतं, हातभर फट होती. पिशव्या तिनं खाली ठेवल्या. ठेवल्याचा आवाज झाला नाही.

फटीतून टेबलाची एक कड दिसत होती. त्यावर रंगांच्या पेन्सिली पसरलेल्या. फुगी खुर्चीवर गुडघे मुडपून बसली होती, गुडघ्यावर खपली धरलेली, जीभ बाहेर काढून कागद रंगवत होती. आणि टेबलाच्या या टोकाला एक कोपर टेकलेलं होतं. हिरवी बाही. ताईनं आपल्या अंगातल्या हिरव्या बाहीकडे पाहिलं. त्या बाहीतून एक हात पुढे आला, त्यानं फुगीच्या कपाळावरचे केस मागे सारले, आणि फुगीनं मांजरीसारखी मान त्या हातात घातली.

इतकंच दिसत होतं. दार जरा ढकललं असतं तर चेहराही दिसला असता. ताईनं दारावर हात ठेवला. दार हललं नाही. हलेल, असं तिला वाटलं. हलेल, जरा वेळानं हलेल.

ती सगळा जीव एकवटून ओरडली. "फुगी!"

खोलीत काहीही झालं नाही. फुगी रंगवत होती. पेन्सिल कागदावर खसखस वाजत होती. ताई तोंड मिटून उभी राहिली, छातीवर हात दाबून. अजून जातोय, ती स्वतःला सांगत होती. अजून वाटेत असेल. पोचेल.

फुगीची पेन्सिल थांबली. तिनं मान वर केली, दाराकडे पाहिलं, अगदी ताईच्या डोळ्यांच्या उंचीवर पाहिलं, आणि तिच्या कपाळाला बारीकशी आठी पडली.

"आई," ती हिरव्या बाहीकडे वळून म्हणाली, "तुझा आवाज बाहेरून कसा काय आला?"

"प्रतिध्वनी आहे गं तो," आतला आवाज मायेनं म्हणाला. "थोडा उशिरा येतो. तू रंगव."

फुगीनं आणखी क्षणभर दाराकडे पाहिलं. मग पिवळी पेन्सिल निवडली आणि पुन्हा कागदावर वाकली.